किल्ली देण्याआधी

समजा, सांगलीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. आठ वर्षे जपून वापरलेली, जेमतेम साठ हजार किलोमीटर पळालेली पांढरी गाडी त्यांनी विकायला काढली. मुलाने पुण्यातूनच मोबाईलवर जाहिरात टाकून दिली, अपेक्षा साडेतीन लाखांची. तासाभरात फोन आला. माणूस आदबीने बोलणारा. ‘सर, गाडी पसंत आहे, किमतीवरून घासाघीस करत नाही. मी सध्या बाहेरगावी आहे. माझे मेहुणे कोल्हापूरहून गाडी बघायला येतील. त्यांचे माझ्याकडून थोडे पैसे येणे आहेत, त्यापोटी ही गाडी त्यांना देतोय. तेव्हा त्यांच्यासमोर किमतीचा विषय काढू नका, एवढी विनंती.’ सरांना त्यात वावगे काही वाटत नाही. नात्यागोत्यात असे हिशेब असतातच.

दुपारी कोल्हापूरहून खरोखरच एक तरुण येतो. तो कोणाचा मेहुणा नाही. त्याने हीच गाडी, याच फोटोंसह, दुसऱ्या एका जाहिरातीत अडीच लाखांना पाहिलेली आहे. त्या जाहिरातवाल्याने त्याला सांगितलेय, ‘गाडी सांगलीला काकांकडे आहे. त्यांच्याशी पैशाचे बोलू नका, त्यांना आवडत नाही. पसंत पडली की पैसे माझ्या खात्यावर टाका, काका कागद देतील.’ तरुण गाडी चालवून बघतो, बॉनेट उघडून बघतो, खूश होतो. सर चहा पाजतात. टायर, मायलेज, पाऊस, रस्ते अशा तासभर गप्पा होतात आणि किमतीचा शब्द कोणी काढत नाही. मग तरुण अंगणात जाऊन मोबाईलवरून अडीच लाख पाठवतो आणि परत येऊन म्हणतो, ‘काका, पैसे पाठवले. किल्ली द्या.’ सर म्हणतात, ‘माझ्या खात्यात तर काहीच आलेले नाही.’ तिसऱ्या माणसाचा फोन तोवर बंद झालेला असतो.

या अंगणात उभे असलेले दोघेही सज्जन आहेत. एकाचे पैसे गेलेत, दुसऱ्याची गाडी वादात सापडलीय, आणि दोघांनाही समोरचा माणूस त्या भामट्याचा साथीदार वाटतो आहे. सगळा डाव एकाच वाक्यावर उभा होता: पैशाचे बोलू नका. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात ही तिकोनी फसवणूक नेहमीची झाली आहे, आणि तिच्यावरचा उपाय अगदी साधा आहे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर आले की पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी किंमत मोठ्याने बोलायची आणि पैसे कोणाच्या नावाच्या खात्यात जाणार हेही तिथेच ठरवायचे. आरसीवर ज्याचे नाव, त्याच्याच खात्यात पैसे. मध्ये कोणी आप्त, मित्र, साहेब, भागीदार नको.

एक काळजी जाहिरातीत गाडीचे फोटो टाकतानाच सुरू होते. आरसी आणि आधार कार्डाचे स्पष्ट फोटो अनोळखी माणसाला पाठवायचे नाहीत. तेच फोटो पुढे दाखवून भामटा स्वतःला मालक म्हणवतो. ज्याला खरेच गाडी घ्यायची आहे, तो ती बघायला येईल तेव्हा मूळ कागद समोर ठेवता येतात.

दुसरी जुनी ओळखीची फसवणूक फौजीच्या नावाने होते. फोन करणारा सांगतो, मी सैन्यात आहे किंवा औद्योगिक सुरक्षा दलात आहे, विमानतळावर ड्युटी आहे, बदली झाली आहे. गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डसुद्धा पाठवतो. सैनिकाविषयी आपल्या घराघरात जो आदर आहे, तोच तो वापरतो. गाडी न बघताच ती घ्यायला तयार होतो आणि म्हणतो, टोकन म्हणून दहा हजार पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. पिन टाकताच पैसे जमा होत नाहीत, खात्यातून जातात.

यूपीआयची घडण समजली की ही युक्ती लगेच उघडी पडते. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत पिन म्हणजे खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला आदेश असतो: माझ्या खात्यातून एवढी रक्कम काढ. पैसे येण्यासाठी खातेदाराची परवानगी लागतच नाही. पाठवणाऱ्याला फक्त यूपीआय आयडी, मोबाईल क्रमांक किंवा खाते क्रमांक माहीत असला की पुरे. म्हणून पैसे घेताना पिन, ओटीपी, स्कॅन, लिंक यांपैकी काहीही मागितले गेले तर तिथेच संभाषण थांबवावे. एका व्यक्तीने दुसऱ्याला यूपीआयवरून ‘पैसे द्या’ अशी विनंती पाठवण्याची सोयही अशाच फसवणुकींमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोडचा सापळा मात्र अजून आहे.

यूपीआयवरून इसार घ्यायला हरकत नाही. पाच-दहा हजारांची ती रक्कम असते, आणि व्यवहार पक्का झाल्याची ती खूण असते. पण एका व्यक्तीकडून दुसऱ्याकडे यूपीआयने साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंतच रक्कम जाते. गाडीची पूर्ण किंमत त्यात बसत नाही, आणि चार दिवस चार तुकड्यांत पैसे घेत बसलो की मधल्या काळात गाडी कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न उरतोच. इसार घेतला की एक कागद करावा: किती रक्कम, कोणत्या गाडीसाठी, उरलेले पैसे कोणत्या तारखेपर्यंत, सौदा मोडला तर इसाराचे काय. आणि इसार दिल्यावर ‘चुकून दहाच्या ऐवजी चाळीस हजार गेले, तीस परत टाका’ असा फोन आला, तर आधी आपले खाते बघावे. बहुतेक वेळा चाळीस हजार आलेलेच नसतात, आलेला असतो तो फक्त मेसेज.

या मेसेजवर थोडे थांबायला हवे. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मोबाईलवर दोन मिनिटांत तयार होतो. हिरवी खूण, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक सगळे हुबेहूब दाखवणारी बनावट ॲप फिरत असतात. बँकेच्या नावाचा मेसेजही खोटा असू शकतो. खऱ्या बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल क्रमांकावरून येत नाही, तो बँकेच्या नोंदणीकृत नावाच्या अक्षरांवरून येतो. तरीही मेसेज पाहून निर्णय घ्यायचाच नाही. आपल्या बँकेचे ॲप आपण स्वतः उघडायचे, खात्याचे विवरण बघायचे, आणि शिल्लक रक्कम खरोखर वाढली आहे का ते पाहायचे. समोरच्याने दाखवलेला त्याचा मोबाईल हा पुरावा नाही. ज्यांना ॲप वापरता येत नाही, त्यांनी पासबुक घेऊन शाखेत जावे. त्यात कमीपणा काही नाही.

रोखीचा मोह

आपल्याकडे गाडी विकताना अजूनही पुष्कळांना रोख रक्कम सर्वांत खात्रीची वाटते. नोटा हातात आल्या म्हणजे प्रश्न मिटला, असे वाटते. त्यातच कोणीतरी सांगते की बँकेतून पैसे घेतले तर टॅक्स लागेल. ही समजूत चुकीची आहे. स्वतःच्या घरच्या वापरासाठी घेतलेली मोटार आयकर कायद्याच्या दृष्टीने वैयक्तिक वापराची वस्तू आहे, भांडवली मालमत्ता नाही. ती विकून आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर नाही. धंद्यासाठी वापरलेली आणि घसारा लावलेली गाडी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पगारदार किंवा निवृत्त माणसाला आपल्या गाडीचे पैसे बँकेत घ्यायला घाबरण्याचे कारण नाही.

घाबरायचे तर उलट रोख घ्यायला घाबरावे. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात २६९ एसटी हे कलम आले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आधी तीन लाखांची मर्यादा सुचवली होती, ती विधेयक मंजूर होताना दोन लाखांवर आली. एका दिवसात एका व्यक्तीकडून, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला या कलमाने बंदी केली. या नियमात दंड होतो तो पैसे घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही, आणि दंड जेवढी रक्कम रोख घेतली तेवढा होऊ शकतो. म्हणजे साडेतीन लाखांची गाडी रोखीने विकली, तर दंडाचा आकडाही साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. आज दीड आणि उद्या दोन असे तुकडे पाडूनही सुटका नाही, कारण व्यवहार एकच आहे. एजंट जेव्हा ‘साहेब, कॅशमध्येच होते सगळीकडे’ असे म्हणतो, तेव्हा जोखीम त्याची नसते, विकणाऱ्याची असते.

आणि नोटा खऱ्या आहेत हे कोण बघणार? साडेतीन लाख म्हणजे पाचशेच्या सातशे नोटा, सात बंडले. पार्किंगमध्ये संध्याकाळच्या उजेडात सातशे नोटा कोणी उलटून पाहत नाही. बंडलाच्या वरच्या आणि खालच्या नोटा खऱ्या आणि मधल्या बनावट, हा प्रकार जुना आहे. बँकेत भरताना खोटी नोट सापडली तर बँक ती परत देत नाही आणि तिचे पैसेही खात्यात जमा करत नाही. नोटेवर शिक्का मारून ती जप्त करते आणि भरणाऱ्याला पोचपावती देते. एकाच भरण्यात पाच किंवा त्याहून अधिक बनावट नोटा निघाल्या, तर बँकेला पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो, आणि चौकशीत पहिले नाव येते ते नोटा भरणाऱ्याचे. म्हणून दोन लाखांच्या आतली एखादी जुनी गाडी रोखीने विकायची वेळ आलीच, तर पैसे घेण्याची जागा घर नसावी, आपल्या बँकेचा काउंटर असावा. घेणाऱ्याला तिथे बोलवावे, रोखपालाने यंत्रावर नोटा मोजून खात्यात भरून घेतल्या की मगच किल्ली हातातून सोडावी.

चेक आणि ड्राफ्ट

चेकला मराठी माणूस मान देतो. कोणी चेक दिला म्हणजे त्याची नियत बरी, असा आपला जुना हिशेब आहे. पण चेक हा पैसे नाही, पैसे देण्याचा शब्द आहे. देणारा तो थांबवू शकतो, त्याच्या खात्यात रक्कम नसू शकते, सही जुळत नसू शकते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटवण्याची पद्धत सुरू झाली आणि सकाळी भरलेला चेक बहुधा त्याच दिवशी वटतो किंवा परत येतो. एवढी सोय झाल्यावर तर चेक वटेपर्यंत गाडी न देण्याचे कारण आणखीच बळकट झाले. एक दिवस थांबायला जो तयार नाही, त्याच्याशी व्यवहारच नको.

चेक परत आलाच तर चलनक्षम दस्तऐवज कायदा १८८१ मधले १३८ वे कलम आहे. बँकेकडून चेक न वटल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवसांची मुदत असते. तरीही पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा कडक आहे, पण खटले वर्षानुवर्षे चालतात आणि दरम्यान गाडी दुसऱ्याच जिल्ह्यात धावत असते. आपल्या हातात तारखा तेवढ्या उरतात.

डिमांड ड्राफ्टवर मात्र लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात, कारण त्याचे पैसे बँकेने आधीच घेतलेले असतात. खरा ड्राफ्ट खरोखरच भक्कम असतो. अडचण आहे ती खोट्या ड्राफ्टची. रंगीत छपाईचा कागद शुक्रवारी रात्री किंवा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी हातात ठेवला जातो, कारण त्या शनिवारी बँका बंद असतात आणि सोमवार सकाळपर्यंत विचारायला कोणी नसते. यावर उपाय असा की ड्राफ्ट हातात आला की ज्या शाखेने तो काढला, तिथे चौकशी करायची. शाखेचा फोन नंबर ड्राफ्टसोबत आलेल्या पत्रावरून घ्यायचा नाही, बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायचा. सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टवर तो काढणाऱ्याचे नावही छापावे लागते. ते नाव घेणाऱ्याचे आहे का, हेही पाहावे. सर्वांत चांगले म्हणजे घेणाऱ्यासोबत त्याच्या शाखेत जाऊन आपल्या डोळ्यांसमोर ड्राफ्ट काढून घेणे. पण शाखेपर्यंत जायचेच असेल, तर ड्राफ्टपेक्षा सरळ मार्ग उपलब्ध आहे.

आरटीजीएसची एक दुपार

तो मार्ग आरटीजीएस. रिझर्व्ह बँकेने २००४ च्या मार्चमध्ये ही व्यवस्था सुरू केली आणि १४ डिसेंबर २०२० पासून ती चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस चालते. यातून किमान दोन लाख रुपये पाठवावे लागतात आणि वरची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. प्रत्येक व्यवहार एकेक करून, त्याच वेळी पुरा होतो. रिझर्व्ह बँकेच्या वह्यांत एकदा रक्कम पाठवणाऱ्या बँकेकडून घेणाऱ्या बँकेकडे गेली की ती अंतिम. चेकसारखे ‘थांबवा’ म्हणायची सोय तिथे नाही. पैसे मिळालेल्या बँकेने अर्ध्या तासात ते ग्राहकाच्या खात्यात जमा करायचे असतात. गाडी विकणाऱ्याला नेमके हेच हवे असते: आलेले पैसे परत न फिरणारे असावेत आणि ते आलेत हे आपल्याच खात्यात दिसावे.

दोन लाखांच्या खालच्या गाडीसाठी एनईएफटी किंवा आयएमपीएस आहे. एनईएफटीही १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू आहे, पण त्यात पैसे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी पुढे जातात. आयएमपीएस लगेच पोचते आणि त्याची मर्यादा पाच लाख आहे, मात्र गाडी घेणाऱ्याच्या बँकेने त्याच्यापुरती ती आणखी खाली ठेवलेली असू शकते.

प्रत्यक्ष दुपार कशी असावी? आदल्या दिवशी घेणाऱ्याने आपल्या नेट बँकिंगमध्ये विकणाऱ्याचे खाते जोडून ठेवावे. नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या काही तासांत मोठी रक्कम पाठवू न देण्याचा नियम बहुतेक बँकांचा असतो, आणि ऐन वेळी ‘सर्व्हरच चालत नाही’ अशी धांदल बहुधा यातूनच होते. खाते जोडताना खातेदाराचे नाव दिसते का ते पाहावे. एनईएफटी आणि आरटीजीएसच्या बाबतीत खाते क्रमांक टाकल्यावर खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. ही सोय मोठ्या उपयोगाची आहे, कारण पैसे खाते क्रमांकावर जातात, नावावर नाही. क्रमांकातला एक आकडा चुकला तर रक्कम भलत्याच घरी पोचू शकते. तरी खात्रीसाठी आधी एक रुपया पाठवून बघावा. तो आला की उरलेली सगळी रक्कम एका झटक्यात पाठवावी.

मग दोघांनी गाडी घेणाऱ्याच्या बँकेच्या शाखेत बसावे, शक्यतो सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकराच्या सुमारास. घेणाऱ्याची मर्यादा अडली तर तिथेच आरटीजीएसचा फॉर्म भरता येतो. पैसे गेले की बावीस अक्षरांचा यूटीआर क्रमांक मिळतो. तो वाचताही येतो: पहिली चार अक्षरे पाठवणाऱ्या बँकेची, मग आर, मग एक चिन्ह, त्यापुढे आठ आकड्यांत वर्ष, महिना, दिवस, आणि शेवटी आठ आकडी अनुक्रमांक. तारीख आजची नसेल तर लगेच कळते. पण यूटीआर बरोबर दिसला म्हणून पैसे आले असे मानायचे नाही. तो कागद फक्त शोध घेण्यासाठी. विकणाऱ्याने स्वतःच्या खात्यात जमा नोंद पाहायची आणि तोपर्यंत चहा घ्यायचा.

पैसे कोणाच्या खात्यातून आले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि याकडे अजून फार कमी लोक लक्ष देतात. समजा गाडी घेणारा म्हणाला, ‘माझ्या मित्राच्या खात्यातून टाकतो’, आणि तो मित्र म्हणजे नागपूरची एखादी बाई निघाली, जिला कोणीतरी डिजिटल अटकेची भीती दाखवून तिच्याकडून ते पैसे पाठवून घेतले. ती जेव्हा १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करते, तेव्हा पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती साखळी शोधली जाते आणि त्या खात्यांतली रक्कम गोठवली जाते. गाडी विकणाऱ्याने काहीही वाईट केलेले नसते. तरी त्याचे पेन्शनचे खाते अडकते आणि मग दुसऱ्या शहरातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार, न्यायालयात अर्ज, विक्रीचे कागद दाखवणे, असा फेरा सुरू होतो. म्हणून आरसीवर ज्याचे नाव चढणार आहे, त्याच्याच खात्यातून पैसे यावेत. वडील मुलासाठी किंवा नवरा बायकोसाठी पैसे देत असेल, तर ते नाते आणि त्या खात्याचा तपशील विक्रीच्या करारात लिहून घ्यावा. बाकी कोणाचे पैसे नम्रपणे नाकारावेत.

सही कधी करायची

पैसे खात्यात दिसले की सह्या. उलट क्रम कधीच नको. आपल्याकडे एजंट टीटीओचा, म्हणजे मालकी बदलण्याच्या फॉर्मचा, सेट आधीच कोरा सही करून मागतो, ‘नंतर धावपळ नको’ म्हणून. त्या सेटमधला फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची मालकाने दिलेली सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नावबदलाचा अर्ज. कोऱ्या फॉर्मवर सही देणे म्हणजे रक्कम न भरलेला चेक देणे. आता बरेचसे काम वाहन या ऑनलाइन प्रणालीवर होते, त्यामुळे विकणाऱ्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी हीसुद्धा त्याची सहीच आहे. तोही पैसे आल्यानंतरच सांगायचा.

पण पैसे मिळाले म्हणून हात झटकून मोकळे होता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. गाडी पणजीला किंवा बेळगावला जाणार असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र लागते. हे न केल्यास काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात दिसते. त्या प्रकरणातल्या मालकाने २००७ साली गाडी विकली होती. पुढे ती आणखी हातांतून फिरली. मे २००९ मध्ये ती मागे घेताना झालेल्या अपघातात एक मुलगा गेला. नोंदणी मात्र अजून पहिल्याच मालकाच्या नावावर होती. न्यायालयाने सांगितले की कायद्याने मालक म्हणजे नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. दोन वर्षांपूर्वी गाडीचे पैसे घेऊन बसलेल्या माणसावर.

म्हणून नावबदलाची फी घेणाऱ्याने भरायची असली तरी अर्ज विकणाऱ्याने आपल्या समोर भरून घ्यावा. दोघांची घाई असेल तर थोडी रक्कम, उदाहरणार्थ दहा-पंधरा हजार, नावबदल होईपर्यंत राखून ठेवायची असे घेणारा सुचवतो. ते मान्य करायला हरकत नाही, पण ते लेखी हवे आणि तारखेसह हवे.

व्यापाऱ्याला गाडी देताना एक चांगली तरतूद हाताशी आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी नियम लागू झाले. असा व्यापारी गाडी ताब्यात घेतो तेव्हा फॉर्म २९ सी भरून परिवहन कार्यालयाला तसे ऑनलाइन कळवायचे असते, आणि मग गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तिची जबाबदारी त्याची. व्यापाऱ्याकडे हे अधिकारपत्र आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

गाडीवर कर्ज बाकी असेल तर लोक उगीच गोंधळतात. घेणाऱ्याने बाकी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेली विकणाऱ्याच्या खात्यात. म्हणजे घेणाऱ्यालाही भीती नाही की पैसे घेऊन कर्ज फेडलेच नाही. बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतला की आरसीवरची बोजाची नोंद निघते.

किल्ली देताना ताबा पावती लिहावी आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी, मिनिटासकट. त्या दिवशी दुपारी तीन वाजता एक्सप्रेस वेवरच्या कॅमेऱ्याने ई-चलन काढले, तर गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी दिली होती हे दाखवता येते. गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन क्रमांक, मीटरचे वाचन, मिळालेली रक्कम, यूटीआर, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार, एवढे पुरते. महाराष्ट्रात करारासाठी आता शंभराचा मुद्रांक चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. त्याच संध्याकाळी फास्टॅग बंद करावा, नाहीतर नवा मालक कोकणात जाईल आणि टोल आपल्या खात्यातून कापला जाईल. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखल्याचे पत्र घ्यावे. ती सवलत गाडीबरोबर जात नाही, मालकाची असते.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाज वाटून घरात बसू नये. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि तिथे पहिल्या तासा-दोन तासांत कळवले तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा मोबाईल क्रमांक जवळ ठेवून फोन करावा, आणि नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

गाडी अजून विकायला काढलेली नसेल, तर एक काम आजच करता येईल. वाहन प्रणालीत आपल्या गाडीच्या नोंदीला कोणता मोबाईल क्रमांक जोडलेला आहे, ते तपासा. जुन्या गाड्यांच्या नोंदीत पुष्कळदा शोरूमवाल्याचा किंवा एजंटाचा क्रमांक असतो. तो बदलून स्वतःचा टाका. आणि गाडी विकल्यावर नव्या मालकाचे नाव त्या नोंदीत दिसेपर्यंत आठवड्यातून एकदा तिथे डोकावत राहा.